खरवडलेली नखं

“मॅडम, पंचावन्न वर्षांनी हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?” श्रीधरने तिसऱ्यांदा विचारलं. टेबलावर त्याच्या आणि श्यामलाबाईंच्या मध्ये मी होते. मी एक पाऊलखूण, प्लॅस्टरची. प्राणिशास्त्र विभागातल्या काचेच्या कपाटात माझ्याखाली चिठ्ठी असते : ‘बिबट्या, वेताळ टेकडी, १९६६’.

भांडण माझ्यावरूनच होतं. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बिबट्या म्हणून मिरवायला मिळत असेल तर आपण होऊन तोंड कोण उघडतं?

श्यामलाबाई तेव्हा पंचविशीच्या, प्राणिशास्त्रातल्या नव्या संशोधक. ओढ्याकाठच्या चिखलातल्या पावलात त्यांनी प्लॅस्टर ओतलं आणि मी जन्मले. कोथरूडच्या सोजरबाई तिथे शेळ्या चारत होत्या. म्हणाल्या, “बाई, ह्यो आमचा मोत्या हाय. कुत्रं.”

“माझं शिक्षण यातच झालंय,” बाईंनी ऐकवलं.

घरी दातांचा ब्रश आणि चाकू घेऊन त्यांनी मला साफ केलं. माझ्या बोटांपुढचे चार बारीक उंचवटे मातीचे खडे समजून खरवडून टाकले. ती माझी नखं होती. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याला ते जमत नाही. अशी मी पाच मिनिटांत बिबट्याची झाले.

माझ्यावर बाईंचा पहिला निबंध छापून आला. पुढे चाळीस वर्षं त्यांनी रानं तुडवली, खरे बिबटे मोजले. मी कपाटात बसून विद्यार्थ्यांवर गुरगुरत राहिले. शेजारच्या पेंढा भरलेल्या कोल्ह्याला माझं बिंग ठाऊक असावं. तो माझ्याकडे कधी बघत नसे.

आता बाईंच्या ऐंशीव्या वर्षाचा सत्कार. भाषणासाठी त्या जुनी डायरी चाळायला बसल्या, तर त्यांच्याच अक्षरात सापडलं : ‘ठशावरचे बोटांपुढचे चार खडे खरवडले.’ चार, आणि प्रत्येक बोटापुढे एक! रिक्षा करून तडक इथे आल्या.

श्रीधर त्यांचाच विद्यार्थी, आता विभागप्रमुख. टेकडीवरचे बिबटे शहर वाढल्यामुळे गेले, असा त्याचा प्रबंध. तिथे बिबटे होते याचा पुरावा एकटी मी. “तुमच्याबरोबर माझंही हसं होईल,” तो हळूच म्हणाला.

बाईंनी मला उचललं. माझ्या बोटांपुढच्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुत्रं असण्याची लाज वाटली नाही.

“सत्काराच्या आधी चिठ्ठी बदल, श्रीधर : ‘सोजरबाईंचा मोत्या’, आणि खाली माझं नाव घाल, कुत्रा ओळखू न शकलेली बाई म्हणून.”