गोटूला आज कुणी वाढलं?

मी गोटू बोलतोय. जातीने कासव. मुक्काम पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, आडव्या ठेवलेल्या एका लाकडी खोक्यात. माझं बोलणं चालण्यासारखंच आहे, तेव्हा जरा दमाने ऐका. खरं तर माझ्याकडेच आता फार वेळ उरलेला नाही. कासवाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण इलाज नाही.

जन्म कुठे झाला ते सांगता येणार नाही. आई कोण, बाप कोण, पत्ता नाही. आमच्यात ती चौकशीच नसते. जग पाहिलं ते एका न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीशेजारच्या निळ्या टबातून. केस कापायला आलेली माणसं नंबर येईपर्यंत मला बोटाने टोचायची आणि मी डोकं आत ओढलं की खूश व्हायची. न्हावी माणूस वाईट नव्हता. पण कासव कोबी खातं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते पक्कं धरलं होतं. सकाळी कोबीचं एक पान टाकायचा आणि दिवसभर विसरायचा. मी वर्षानुवर्षं कोबी खाल्ला. माझी पाठ अशी खडबडीत, उंचसखल आहे ना, ती त्याच दिवसांची कमाई आहे.

एक दिवस एक माणूस केस कापायला आला. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करणारा. बरोबर त्याची मुलगी होती, शाळेच्या कपड्यांत. तिने मला टोचलं नाही. दप्तरातला डबा उघडला आणि गाजराचा एक तुकडा माझ्यापुढे धरला. गाजर म्हणजे काय ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी तिच्या बोटासकट तोंडात घेणार होतो.

"याला तुम्ही दुसरं काही देतच नाही?" तिने न्हाव्याला विचारलं.

न्हावी म्हणाला, एवढी काळजी असेल तर घेऊन जा. बाप म्हणाला, आमच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही. असं म्हणत म्हणत त्यानेच मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बगलेत मारून घरी आणलं. हा माणूस असाच. तोंडाने नाही म्हणेल आणि हाताने करून मोकळा होईल.

घर दोन खोल्यांचं. मुलीची आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायची, पहाटे बाहेर पडून दुपारी परतायची. बाप उशिरा जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा. मुलगी शाळेतून आली की माझ्या जेवणाला लागायची. काय थाट होता त्या जेवणाचा. मुळ्याचा पाला, तुतीची पानं, मैदानाच्या कडेचं गवत, कधी भोपळ्याची साल, कधी जास्वंदीचं फूल. सगळं धुऊन, फडक्यावर टिपून कोरडं करायचं. पानं सुरीने कापायची नाहीत, हाताने फाडायची, म्हणजे मला चावायला काम राहील. गाजर किसून पाल्यात मिसळून टाकायचं, नाहीतर मी लबाड तेवढंच वेचून खातो. वरून अंड्याच्या टरफलाची पूड, कोबीने मऊ झालेल्या पाठीसाठी. आणि हे सगळं न्हाणीघरातून उरलेल्या खरखरीत फरशीच्या तुकड्यावर वाढायचं, म्हणजे खाताना माझी चोच आपोआप घासली जाईल. हे सारं ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली होती.

काल जे दिलं ते आज द्यायचं नाही, हा तिचा मुख्य नियम. बाप कुरकुरला तेव्हा ती म्हणाली, रोज तेच ते तुम्हाला तरी चालेल का?

"मला रोज तेच मिळतं," तो म्हणाला. "मी काही बोलतो का?"

शेगडीपाशी उभ्या असलेल्या आईने मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात फक्त गाजराचा कीस वाढला. तिघंही ठसका लागेपर्यंत हसले. त्या घरातलं हसू म्हटलं की मला तेच आठवतं. पुढे फारसं आठवण्यासारखं नाही.

मुलगी मोठी झाली. दूरच्या शहरात तिला काम मिळालं. बाप नको म्हणाला, आणि या वेळी हातानेही नकोच म्हणाला. आईने तिची बॅग भरून दिली. जायच्या दिवशी तो खोलीतून बाहेर आला नाही. मुलगी माझ्याजवळ बसली, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गोटूला रोज वेगवेगळं द्या हं."

तिकडे तिला ताप आला. साधा म्हणून तिने अंगावर काढला. तो साधा नव्हता. आईबाप पोचले तेव्हा बोलायला कुणी उरलं नव्हतं.

परत आल्यावर या घरात मोजकी दोन वाक्यं बोलली गेली. बाप म्हणाला, "तू पाठवलंस तिला." आई म्हणाली, "तुम्ही एकदा तरी फोन केलात का तिला?" त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. भांडली असती तरी बरं झालं असतं, भांडणात निदान आवाज असतो. इथे ताट ठेवल्याचा आवाज, दार ओढल्याचा आवाज, नळाचा आवाज, एवढ्यावर संसार चालू राहिला. त्याचं जेवण ती झाकून ठेवायची. बिलं तो भरायचा. त्यात दोघांचीही चूक कधी झाली नाही.

माझं काय? माझं मात्र भलतंच भाग्य उजळलं. ती पहाटे गेली की बाप गॅलरीत यायचा. पाला आणायचा, धुवायचा, टिपायचा, हाताने फाडायचा. काचा घासून खरखरीत झालेली त्याची बोटं पानांवर मात्र अगदी हळू चालायची. वाढून झालं की देठं पिशवीत भरून जाताना खाली कचऱ्यात टाकायचा, घरात पसारा नको म्हणून. आणि मला सांगायचा, "खा बाबा. तिला तुझी आठवण नाही. काळजाचा दगड करून घेतलाय तिने."

दुपारी आई यायची. तोवर माझी फरशी लख्ख असायची, मी तिच्यावर काही उरू देत नाही. तिला वाटायचं, सकाळपासून उपाशीच आहे बिचारा. मग ती वाढायला बसायची. तोच पाला, तेच धुणं, तेच फडकं. जास्वंदीचं फूल मात्र फक्त तीच आणायची. आणि म्हणायची, "खा राजा. त्यांना मुलीचं कासवसुद्धा नकोसं झालंय."

मी दोघांचं ऐकत होतो आणि दोघांचं खात होतो. दोन शब्द बोलता आले असते तर! पण देवाने मला कवच दिलं, चोच दिली, आवाज दिला नाही. आणि भूक म्हणाल तर कासवाला समोर आलेलं नको म्हणता येत नाही.

असं बरंच चाललं. मी फुगत गेलो. पाय आत घेतले तर डोकं बाहेर राही, डोकं आत घेतलं तर पाय बाहेर राहत. एकदा उताणा पडलो तो उलटताच येईना. तेव्हा आईने मला बाजाराच्या पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मला दाबून पाहिलं, वजन केलं आणि म्हणाल्या की हा मरतुकडा होऊन नाही, खाऊन खाऊन मरेल. आत सगळी चरबी झाली आहे. खाणं बेताचं करा, पण एकदम तोडू नका, या अवस्थेत ते फार वाईट. थंडीत थोडा झोपाळू होईल, तेवढं चालेल.

"घरात दुसरं कुणी घालतं का याला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," आई म्हणाली. "दुसरं कोण बघतंय त्याच्याकडे?"

मी टेबलावर होतो, दोघींच्या मध्ये. डोकं होतं तेवढं बाहेर काढलं. बाई म्हणाल्या, बघा, आताही खायलाच मागतोय.

त्याच आठवड्यात कारखान्यात वीज गेली आणि आई लवकर घरी आली. गॅलरीच्या दाराशी येऊन थबकली. बाप तिच्याकडे पाठ करून खाली जमिनीवर बसला होता, मांडीवर फडकं पसरून. एकेक पान फाडत होता आणि मध्येच मनगटाने डोळे पुसत होता. तिने हाक मारली नाही. पाऊल न वाजवता मागे फिरली आणि तो कामावर जाईपर्यंत जिन्यात बसून राहिली. मग माझ्याजवळ आली. तिच्या हातात पाला नव्हता.

"त्यांनाच करू दे रे तुझं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. मी मध्ये यायची नाही."

मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो, आता एक वेळ जेवायचं आणि सडपातळ व्हायचं.

पण आमच्या गॅलरीखालीच भाजीवालीची गाडी लागते, आणि त्या बाईच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांनी बाप सकाळी पाला घ्यायला उतरला तेव्हा तिचा आवाज मला वर ऐकू आला. "साहेब, तुम्ही सकाळी नेता, वहिनी दुपारी नेतात. घरात ससे पाळलेत का?" ती स्वतःच हसली. तो हसला नाही. वर आला तो रिकाम्या हाताने. माझ्यासमोर बराच वेळ उकिडवा बसला.

"म्हणजे तीही करते तर," तो म्हणाला. "आणि मी काय काय बोललो तिला तुझ्यापाशी." मग उठला. "तिलाच करू दे. कुणासाठी तरी दोन पानं निवडावी असं तिला वाटतंय, ते मी कशाला हिरावून घेऊ?"

झालं. राग होता तोवर मला दोन वेळा जेवण मिळत होतं. माया आली आणि दोन्ही बंद झाली.

दोघं गॅलरीत येईनाशी झाली. एकमेकांची जागा म्हणून सोडून दिली. ती दारातून डोकवायची, रिकामी फरशी बघायची आणि समाधानाने परत जायची. खाल्लं सगळं पठ्ठ्याने. तोही तेच बघायचा, त्यालाही तेच वाटायचं. पाण्याची थाळी ज्याने वाढायचं त्याने भरायची, म्हणून तीही कुणी भरली नाही. तिच्यात एक वाळकं पान येऊन पडलं, ते मी खाल्लं. थंडी पडली. मी खोक्यात आत सरकलो. झोपलाय, थंडी आहे ना, असं दोघांनीही आपापल्या मनाशी म्हटलं असणार. भाजीवाली तेवढ्यात लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली. ती असती तर तिने तोंड उघडलं असतं.

एक मात्र सांगायला हवं. त्या दिवसांत घर थोडं बदललं होतं. ती त्याच्यासाठी गरम पाणी काढून ठेवायची. तो तिची तुटलेली चप्पल शिवून आणायचा आणि जागच्या जागी ठेवायचा. बोलत नव्हती, पण भांडी हळू वाजायला लागली होती. मी आत पडल्या पडल्या ऐकायचो आणि मला बरंही वाटायचं. पोटातली आग आधी वाढली, मग विझली. विझली ते वाईट झालं. भूक असेपर्यंत कासव जगतं.

काल भाजीवाली परत आली. आई कामावरून येत होती. "वहिनी, माझ्या जागी बसलेली पोर सांगते, हल्ली तुमच्यापैकी कुणीच पाला नेत नाही. ससे मेले का?"

आई जिना चढत आली ती धावत. मला खोक्यातून उचललं. मी हाताला लागलो नाही इतका हलका झालो होतो. माझे डोळे चिकटले होते, ते तिने ओल्या बोटाने पुसले. त्याच्या दुकानाला सुट्टी होती म्हणून तो आत जेवत होता. तिने मला तसंच नेऊन त्याच्यासमोर धरलं.

"अहो, याला शेवटचं कधी वाढलंत?"

किती वर्षांनी त्याने तिचा असा आवाज ऐकला होता. तो घास हातात धरून म्हणाला, "मी? तू वाढतेस ना?"

"मी तुमच्यासाठी सोडलं."

"मी तुझ्यासाठी."

तो ताटावरून उठला आणि पायात चप्पल न घालता खाली गेला. तिने मला कोमट पाण्यात बसवलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, सुई टोचली, थेंब थेंब पाणी द्या म्हणाल्या आणि दारात चपला घालताना मान हलवली. ती मला दिसली, त्या दोघांनाही दिसली.

आता माझ्यापुढे फरशी आहे. मुळ्याचा पाला, तुती, भोपळा, किसलेलं गाजर, वर टरफलाची पूड, आणि अगदी चोचीला लागेल असं जास्वंदीचं लाल फूल. दोघांनी मिळून वाढलेलं हे माझं पहिलं ताट. तो फाडत होता, ती टिपून देत होती. आणि वाढता वाढता ती मुलीबद्दल बोलली. मुलगी आजारात फोनवर काय म्हणाली होती ते तिने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. "बाबांना ताप सांगू नकोस. ते आधीच रागावलेत, त्यात काळजी नको." तो फडक्यात तोंड खुपसून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा माझ्या पाठीवरून मुलीचा फिरायचा.

त्यांच्यासाठी तरी एक पाकळी तोडावी असं फार वाटतं. पण चोच उघडत नाही. इतकी वर्षं समोर आलेलं कधी सोडलं नाही, आज तेवढं जमत नाही. माझा कुणावर राग नाही, हे मात्र खरं.

तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं मुकं जनावर असेल तर एवढंच करा. वाढायला सगळे वाढतात हो. वाढलंस का, हे एकमेकांना विचारा. त्याला शब्द फार लागत नाहीत.

सकाळ झाली आहे. ती आज कामावर गेलेली नाही. रात्रभर दोघं आळीपाळीने माझ्यापाशी बसली होती. आत्ता तो आतून चहा घेऊन आला आणि दारातच उभा राहून तिला विचारतोय, "तू कालपासून काही खाल्लंस का?"

तिचं उत्तर ऐकू येईपर्यंत मला डोळे उघडे ठेवायचे आहेत.