बिनवायरची मशीन

वर्षाला मशीन पाहायचीच नव्हती. तिला तिच्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, बादलला, एकच गोष्ट विचारायची होती, आणि तीच तर विचारता येत नव्हती.

आता यात अवघड ते काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. वाटू द्या. पण बंजाऱ्यांच्या तांड्यात धाकट्या भावाची बायको जेठापुढं पदर ओढून घेते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणीतरी लागतं. पुष्कळ घरांनी हे केव्हाच सोडलं, पण वर्षाच्या सासूच्या, चंदाबाईच्या घरात कोणाची बिशाद होती? वर्षा लग्न होऊन आली तेव्हापासून मधला माणूस म्हणजे तिचा नवरा, प्रेम. तो इकडचं तिकडं पोचवायचा आणि वर आपल्या पदरचं तिखटमीठ लावून दोघांनाही हसवायचा. तो गेला आणि एका घरात राहणारी ही दोन माणसं एकमेकांना मुकी झाली.

दोघे भाऊ मिळून घरांची कामं घ्यायचे. जुनं न्हाणीघर फोडून नवीन करून दे, स्वयंपाकघरात कपाटं बसवून दे, छताला पीओपी कर. गेल्या उन्हाळ्यात पांढरकवड्याला असंच न्हाणीघराचं काम चालू होतं. ड्रिल मशीनची वायर ओल्या फरशीवर पडली, आणि ती कुठंतरी फाटलेली होती. मशीन प्रेमच्या हातात होती. जवळ होता एकटा बादल. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

"जाता जाता तुह्यंच नाव घेतलं त्यानं," सासू म्हणाली. त्या एका वाक्यावर वर्षानं दिवस काढले. पण मन काही गप्प बसतं का? ते आतून टोचायचं, अगं, सासू तर तिथं नव्हतीच! मग खरं काय? आणि ज्याला ठाऊक, त्याच्यापुढं तोंड उघडायची सोय नाही.

बादलनं त्यानंतर हत्याराला हात लावला नव्हता. दिवाळी झाली तेव्हा त्यानं आईच्या तोंडून निरोप धाडला. "याडी, तिले सांग. धंदा दोघायचा होता. नवी मशीन घ्याची तं तिनं पसंत केली पाह्यजे. तिच्या मनात नसंन तं मी हातात धरत नाई."

म्हणून तिघं पुसदला आली. दुकानाच्या पायरीवरच चंदाबाईला तिच्या माहेरच्या तांड्यावरची जमनी भेटली, आणि झालं! प्रेम गेल्यावर पहिल्यांदाच भेटत होत्या. दोघी म्हाताऱ्या गळ्यात गळा घालून सुरात रडायला बसल्या. ते रडणं सुरू झालं की लवकर उरकत नाही, त्यात मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य यावं लागतं. आत गेले फक्त बादल आणि पदराआड वर्षा.

दुकानदार प्रफुल्ल बोलका गडी. त्यानं काचेवर पाच-सहा मशिनी मांडल्या. बादलनं सरळ सगळ्यात दांडगी उचलली.

"हे घ्या भाऊ, बिनवायरची, पण काँक्रीट असं फोडते जसं काई लोनी. याच्यासंगं ग्रायंडर, स्क्रू मारायची मशीन, भोकं पाडाच्या बिटा, दोन बॅटऱ्या, सारी पेटीच हाय."

"त्याइले इचारा," पदराआडून आवाज आला, "शिडीवर चढून एका हातानं धरता येते काय."

प्रफुल्लनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "बाप्पा! हे काय तुमच्या बाजूलेच उभे हायेत. तुमीच इचारा न."

दोघंही हलेनात. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुसदला दुकान मांडायचं आणि तांड्याची रीत ठाऊक नसायची, असं कसं चालेल? त्यानं खाकरून निरोप पोचवला. "भाऊ, त्या म्हंतेत, शिडीवर जड होईन."

"त्याइले सांगा, जोर पाह्यजे. ताकदीची नसली तं भिंतीत अडकते."

"ताई, जोर पाह्यजे म्हंतेत."

"त्याइले म्हना, जोर मशीनचा अन् खांदा मानसाचा. छताचं काम असलं का आमचे हे घरी येऊन हात वर करू शकत नव्हते. मीच तेल चोळून देत होती."

हा निरोप प्रफुल्लनं जरा हळूच सांगितला. भावाचा खांदा दुखत होता हे बादलला आजपर्यंत माहीत नव्हतं. प्रेमनं कधी सांगितलंच नाही, आणि जिला माहीत होतं ती सांगणार कशी? त्यानं दांडगी मशीन खाली ठेवली आणि तिच्याहून हलकी, पण दगडाला चालेल अशी उचलली. प्रफुल्लनं काँक्रीटचा ठोकळा पुढं केला. बादलनं खटका दाबला. मशीन गरजली आणि वर्षानं दोन्ही हातांनी कान झाकले. छिद्र स्वच्छ पडलं. तिची नजर मात्र मशीनच्या बुडाशी होती. तिथून वायर निघत नव्हती.

"हेच घ्या म्हना," ती म्हणाली.

प्रफुल्ल पेटीत एकेक सामान लावायला लागला. बाहेर दोघी म्हाताऱ्यांचा सूर चढला होता. आता पेटी बंद होईल, सासू आत येईल, अन् पुन्हा तेच मुकं घर.

"भाऊ, अजून एक इचारा त्याइले."

"हो हो, बोला न ताई. गॅरंटीचं काय?"

"इचारा, त्यायनं शेवटी माह्यं नाव घेतलं होतं काय? का माह्यी सासू मन राखाले म्हंते?"

प्रफुल्ल सवयीनं बादलकडं वळला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. वजन विचारणं वेगळं अन् हे वेगळं. त्यानं पेटी तशीच उघडी सोडली आणि मागच्या रॅककडं तोंड फिरवलं.

आता मध्ये कोणीच उरलं नाही.

बादल तिच्याकडं वळला. आपल्या घरच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्याशी थेट बोलला.

"नाई," तो म्हणाला. "नाव नाई घेतलं. याडीनं तुले धीर द्याले सांगतलं, अन् मी गप्प राह्यलो. चहा आलता. मी आवाज देल्ला, ये म्हटलं, थंडा होते. तं म्हने, 'एवढं एक छिद्र मारतो भिया, मंग येतो.' बस. तेवढंच."

इतके दिवस वर्षानं जे उराशी धरलं होतं ते खोटं निघालं, ते दुखणारच. पण हे बोलणं मात्र खरंखुरं त्याचं होतं. जेवायला हाक मारली तरी तो असाच म्हणायचा, एवढं एक करतो अन् येतो. तिला त्याचा आवाज ऐकू आला, अगदी त्याच्या त्या घाईसकट, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले.

पदर तसाच ठेवून, मध्ये कोणाला न घेता, तिनं विचारलं, "मंग पेले काय ते चहा?"

"नाई वं माय," बादल म्हणाला. "बशी झाकून ठेवलता मी."

आणि तो दुकानात उभ्याउभ्या हमसून रडायला लागला.