सहा महिन्यांची शिक्षा

“टखना लिखिए, हेमलताजी. घुटना तो पिछले साल लिख चुके हैं.”

टेनिस फेडरेशनचे सेक्रेटरी सबरवाल साहेब खुर्चीत रेलून संत्रं सोलत होते. हेमलताबाईंनी मुकाट्याने टखना टाइप केलं. घोट्याच्या दुखापतीमुळे जसलीन सहा महिने खेळणार नाही, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आहे, वगैरे वगैरे. जसलीन म्हणजे देशातली पहिल्या नंबरची टेनिसपटू. तिचा घोटा ठणठणीत होता. त्याच सकाळी ती दोन-दोन पायऱ्या गाळत ऑफिसचा जिना चढून आली होती आणि साहेबांच्या केबिनमध्ये ढसाढसा रडली होती.

नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धेची फायनल झाल्यावर तिच्या लघवीचा नमुना घेतला होता, त्यात औषध सापडलं. दम टिकवणारं, बंदी असलेलं. संघटनेच्या कमिटीने बंद दाराआड तिला सहा महिन्यांची खेळबंदी सुनावली आणि त्याच बैठकीत ठरवलं की हे बाहेर फुटू द्यायचं नाही. विजेतेपदही काढून घ्यायचं नाही, कारण काढलं तर का काढलं ते सांगावं लागेल. आहे की नाही डोकं! बैठकीचा वृत्तान्त हेमलताबाईंनीच टाइप केला होता.

“सर, और वो जो फायनल हार गई?” त्यांनी विचारलं.

“रनर-अप है, रनर-अप रहेगी.” साहेबांनी फोड तोंडात टाकली. “देखिए, नाम खुल गया तो स्पॉन्सर भाग जाएगा. माँ-बाप बच्चों को क्रिकेट में डाल देंगे. सज़ा तो दे दी न हमने? अब ढिंढोरा क्यों पीटना? अपनी ही बच्ची है.”

अपनी बच्ची म्हणे! हरलेली मुलगी कुणाची होती मग? ती अहिल्या, हेमलताबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, त्याचा एवढा तरी फायदा.

दर रविवारी हेमलताबाई दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून फरीदाबादला भावाकडे जेवायला जायच्या. सूर्यकांत तिथल्या कारखान्यात फोरमन होता. पूर्वी जेवताना अहिल्याची अखंड टकळी चालायची. त्या फायनलनंतर पोरगी पानावर मान खाली घालून बसू लागली.

“माझ्यात दमच नाही यार आत्या,” एकदा ती म्हणाली. “तिसऱ्या सेटमध्ये माझ्या पायांत गोळे आले आणि ती बघ ना, जणू आत्ताच घरून निघालीय! सव्वीस वर्षांची झाले मी. आता बस्स.”

“असं नको गं बोलूस. तो खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा फॉर्म?”

“त्याला राष्ट्रीय विजेतेपद लागतं. रनर-अपला कोण विचारतंय? एकतीस मार्चला लास्ट डेट आहे. जाऊ दे.”

तो फॉर्म भरायचा हक्क या मुलीचा होता आणि ते कमिटीबाहेर एकट्या त्यांनाच माहीत होतं. सांगावं? पण नोकरीला लागताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. शिवाय अहिल्या तापट. ऐकलं की थेट साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहील, आणि पहिला प्रश्न येईल, तुला कुणी सांगितलं? हेमलताबाईंनी तोंड मिटलं आणि वर आणखी एक पोळी मागून घेतली. असे बारा रविवार गेले.

मार्चच्या विसाव्या तारखेला मात्र त्यांना राहवेना. नवरा, भालचंद्र, भाजी आणायला गेला होता. त्यांनी वहीचा कागद फाडला आणि एका हिंदी दैनिकाच्या क्रीडा संपादकाला निनावी पत्र लिहायला घेतलं. डोपिंग हा शब्द लिहायचा धीर होईना. उद्या कोर्टकचेरी झाली तर? म्हणून अंगाशी येणार नाही असं लिहिलं: जसलीन के टखने को कुछ नहीं हुआ है. कमिटी ने उसे छह महीने की शिक्षा दी है और यह बात सबसे छिपाई जा रही है. सेक्रेटरी साहब से पूछिए.

पत्र पेटीत टाकून आल्या तेव्हा त्यांना तीन महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

एक एप्रिलला बातमी छापून आली, चांगली चार कॉलमी, फोटोसकट. मथळा हेमलताबाईंनी दोनदा वाचला. ‘चोट तो बहाना, विदेश में छह महीने की गुप्त ट्रेनिंग ले रही जसलीन!’

अरे देवा. शिक्षा! मराठीत शिक्षा झाली की माणूस तुरुंगात जातो आणि हिंदीत शाळेत. दिल्लीत आल्या त्याच वर्षी शेजारणीने हसून हसून त्यांना हे समजावलं होतं, आणि त्यानंतर तीस वर्षांत एकदाही त्यांची चूक झाली नव्हती. ऑफिसात हजार वेळा सज़ा टाइप केलं. पण पत्र लिहिताना जीव इतका घाबरलेला, की हातून आईची भाषा उतरली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्या पत्राची झेरॉक्स होती.

“पत्रकार पूछ रहा था, कैसी शिक्षा है जो छिपा रहे हैं? मैंने कहा, भाई, पकड़ लिया आपने. विदेश भेजा है.” ते मनापासून हसले. मग चष्मा काढून म्हणाले, “हेमलताजी, आप लोगों में सज़ा को शिक्षा कहते हैं न?”

सगळ्या ऑफिसात मराठी माणूस एकच.

“घर जाइए. लंबी छुट्टी की अर्ज़ी दे दीजिए, दो साल निकल जाएँगे. कारण मैं लिख दूँ? टखना?”

त्या घरी गेल्या नाहीत. तडक फरीदाबाद गाठलं. जानेवारीपासून अहिल्या एका सोसायटीच्या कोर्टावर लहान मुलांना शिकवत होती. टोपलीतला एकेक चेंडू उचलून समोर टाकायचा, पोरांनी तो कुठेही भिरकावायचा. हेमलताबाई जाळीशी उभ्या राहिल्या आणि आता तरी काही न लपवता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अहिल्याने ऐकून घेतलं. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“डिसेंबरपासून.”

“लास्ट डेट काल होती आत्या.”

“मला वाटलं, पेपरात आलं की...”

“कागद आहे तुझ्याकडे काही? कमिटीचा?”

“नाही गं.”

“टाइप तूच केलंस ना? एक कॉपी काढता नव्हती आली?”

“आली असती,” हेमलताबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

अहिल्याने हातातला चेंडू दाबून पाहिला. “नोकरीचं सोड. मी रोज पहाटे उठून धावत होते. उलटी होईपर्यंत धावत होते, माझ्यात दम नाही म्हणून. तू समोर बसून जेवत होतीस. एवढंच सांगायचं होतंस, की अहिल्या, तू बरोबर खेळलीस. बिल्कुल कुणाला बोलले नसते मी.”

“चुकलं माझं. मी घाबरले गं.”

“हं,” अहिल्या म्हणाली आणि पोरांकडे वळली. “चलो, लाइन में! अगला कौन?”

हेमलताबाईंना जाता येईना आणि उभंही राहवेना. कोर्टभर चेंडू पसरले होते. त्यांनी पदर खोचला, वाकून एक चेंडू उचलला, मग दुसरा. गुडघे कुरकुरले तरी त्या एकेक आणून टोपलीत टाकू लागल्या. अहिल्या त्याच टोपलीतून चेंडू घेत होती, पण त्यांच्याकडे बघत नव्हती.

बाकावर बसलेल्या एका मुलाच्या आईने विचारलं, “मैडम, ये आंटी कौन हैं? आपके घर से हैं?”

“नहीं,” अहिल्या म्हणाली. “फेडरेशन से आई हैं.”

हेमलताबाई जाळीखाली अडकलेला चेंडू सोडवत होत्या. तो त्यांनी सोडवला, पदराने पुसला आणि टोपलीत ठेवला.