न मोडता घेणारा

लोहाराने दोन दगडांवर तिसरा दांडा आडवा ठेवला आणि वर घण घातला. काडकन दोन तुकडे झाले.

"अहो, सोन्यासारखा दांडा! मोडता कशाला?" सुतारीण कडाडली.

"शंभरातले दहा मोडून बघणार. रीत आहे आपली."

"हे दोनशे दांडे दोन वर्षं सावलीत वाळवलेत मी. तुमच्या कुदळींना माझ्याशिवाय दांडे देतंय कोण?"

"तेच तर! एकाच्याच हाती दोरी दिली की गळा आवळला जातो. उद्यापासून मेव्हणाच तासेल दांडे. घरचा माणूस बरा."

"तासू दे की! लोखंडही घरीच पिकवा आता," असं म्हणत तिने उरलेले दांडे गाडीत फेकले.

गावच तसलं. विहिरीवर दोर ठेवून कुणी घरी जात नसे. शिंपी बटणंसुद्धा स्वतः घासून करायचा. लोहाराने मेव्हणा बसवला खरा, पण त्याच्यावर तरी विश्वास कुठला? दिवसभर त्याच्या उरावर बसून राहिला. इकडे भट्टी थंड, कुदळी अर्ध्या.

सुतारणीचे हाल मात्र कुत्रं खाईना. तिला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दांडे पडवीत पडून, खालून वाळवी चढायला लागलेली. आठवड्याभरात खपले नाहीत तर दोन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

अशात परगावचा एक लोहार दारात आला.

"वहिनी, सगळे दांडे नेतो. पुढेही तुमच्याकडूनच घेईन."

"घण आणलाय?"

"घण कशाला?"

"मोडून बघायला!"

तो हसला. "चांगला दांडा मोडायचा कशाला? लाकडातलं तुम्हाला कळतं, लोखंडातलं मला. तुम्ही वाळलेत म्हणाल, तर वाळलेत."

सुतारणीने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"एकही मोडणार नाही?"

"एकही नाही."

"मग वाट धर बाबा! असले गोडबोले फार बघितलेत."

तो बिचारा रिकामी गाडी घेऊन निघून गेला. सासू आतून धावत आली.

"अगं, चालून आलेलं गिऱ्हाईक घालवलंस?"

"काही न तपासता घेतो म्हणाला, आत्याबाई! मनात काळंबेरं असल्याशिवाय कुणी असं घेतं का?"

सासू दचकली. "अगंबाई! जाताना काही उचललं तर नाही ना त्याने? मोज आधी!"

दोघींनी दोनदोनदा मोजले. एकशे सत्त्याण्णवच्या एकशे सत्त्याण्णव दांडे जागच्या जागी होते.