साबण ब्याण्णव, ठराव आठ

मला सांगा, भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की आधी रिकामी पारडी दाखवणाऱ्यावर? सावकाश सांगा. तोवर मी, एक जुना पितळी तराजू, माझी हकिकत सांगतो.

माझं शिक्षण किराणा दुकानात झालं. आमच्या दुकानदार काकांचा एक रिवाज होता. माल घालण्याआधी रिकामी पारडी गिऱ्हाइकाला दाखवायची, दांडी सरळ आहे म्हणून त्याच्याकडून वदवून घ्यायचं. लोक घाई करायचे, कुरकुरायचे. पण पुन्हा यायचे आमच्याकडेच. काका थकले तेव्हा त्यांनी मला पुतणीच्या हवाली केलं. सोबत रिवाजही दिला.

ही पुतणी विद्यापीठात मोजमाप शिकवायची. तिथे तिला सगळे बाई म्हणत. नोकरी अजून कच्ची, त्याच वर्षी पक्की व्हायची होती. घरातली कुठलीही वस्तू आणा, तोला, येईल ते लिहा, एवढंच बाईंचं मुलांना सांगणं. एका मुलीने साबणाची वडी आणली. वेष्टणावर शंभर ग्रॅम, माझ्याकडे ब्याण्णव. मग सगळ्या वर्गाने वड्या आणल्या. सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. मुलांनी निकाल भिंतीवर लावला.

पंचाईत अशी, की ती भिंत साबणवाल्या शेठजींनीच बांधून दिलेली.

कुलगुरूंनी समिती नेमली. समितीने आधी माझाच लेखी खुलासा मागवला. मी गप्प राहिलो, तो उद्धटपणा ठरला. माझा शेठजींवर काही जुना राग आहे का, याचीही चौकशी झाली. एका सदस्याने माझं शिक्षण विचारलं आणि किराणा ऐकून नाक मुरडलं. शेवटी चहा-बिस्किटांवर ठराव झाला: या आवारात ही वडी शंभर ग्रॅम भरेल.

ठराव घेऊन कुलगुरू स्वतः समितीसह वर्गात आले. बाईंनी रिवाजाप्रमाणे रिकामी पारडी दाखवली. एकीकडे वडी ठेवली, दुसरीकडे शंभराचं वजन. मला वाचता येत नाही, त्यामुळे ठरावाचा माझ्यावर परिणाम झाला नाही. वडी वरच राहिली.

कुलगुरू संतापले. त्यांनी ठराव वडीवरच आपटला. दोन पानं, टाचणी, लाखेचा शिक्का. आणि काय सांगू, माझी दांडी सरळ झाली. समितीने टाळ्या वाजवल्या.

"बघा, भरली की नाही शंभर? लिहा बाई, सही करा. तुमच्या नोकरीचा कागद मी आजच काढतो."

बाईंनी पेन उचललं. मुलं बघत होती. बाईंनी मोठ्याने म्हणत लिहिलं: साबण ब्याण्णव, ठराव आठ. खाली सही केली.

"हे काय?"

"साहेब, पारड्यात होतं ते सगळं लिहिलंय. तुमचं काही गाळलं नाही."

त्यावर समिती पुन्हा बसली. मोजमाप हा विषय बाईंकडेच ठेवला, फक्त तराजू काढून घेतला. नोकरी कच्ची ती कच्चीच राहिली.

मी आता वर्गाच्या मागच्या कपाटात कुलपात असतो. ठराव तसाच माझ्या पारड्यात, म्हणून मी एका अंगाला कललेला. पण बाईंचा आवाज ऐकू येतो. तास सुरू होताना त्या मुलांना सांगतात, "दोन्ही हात पुढे करा. आधी रिकामे दाखवा."

तुम्हाला एवढीच विनंती. उद्या तुमच्याही पारड्यात कुणी काही आपटेल. काढता नाही आलं, तर राहू द्या. मात्र साबण साबणाच्या खाती लिहा, ठराव ठरावाच्या. हिशोब तेवढा खरा ठेवा.