आठवडाभर मशीन, रविवारी व्यासपीठ

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले ती थेट निपाणीत, मायाप्पा अण्णांच्या पुढच्या खोलीत आले. अण्णा आठवडाभर शिंपी आणि रविवारी आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मंडळीला चर्च नव्हतं. मग रविवारी सकाळी अण्णा माझं डोकं खाली दुमडत, वर पांढरी चादर घालत आणि तिच्यावर बायबल ठेवत. झालं व्यासपीठ! काय रुबाब होता माझा म्हणून सांगू!

अण्णा म्हणत, "माप देताना माणूस गप उभा ऱ्हातो, मग मनातलं आपोआप भाईर पडतं." गळ्यात टेप अडकवून त्यांनी कितीतरी घरांतली भांडणं मिटवली.

पण १९७९ साली अण्णांचं हे शिवणकाम मंडळीचे पंच यल्लाप्पा यांना खुपू लागलं. "अण्णा, पाळकानं लोकांच्या चड्ड्या शिवायच्या व्हय? लोक हसत्यात. मशीन इका." अण्णा पडले भिडस्त. 'बरं' म्हणाले. संकेश्वरचं गिऱ्हाईक ठरलं. रविवारी भक्तीची सभा संपली की मला न्यायला टेम्पो येणार होता. मला शेवटचं तेल घालताना अण्णांच्या बायकोनं, सोनुबाईंनी, डोळे पुसले. माझाही जीव कासावीस झाला.

रविवार उजाडला. यल्लाप्पा बेळगावात शिवलेली नवी घट्ट पँट घालून पहिल्या रांगेत. प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकले आणि टर्रर्र! गाण्याला सगळे उभे राहिले, यल्लाप्पा मात्र गुडघ्यांवरच.

"काय भक्ती गं बाई माणसाची!" म्हाताऱ्या अक्काताई पुटपुटल्या.

शिंप्याच्या कानाला तो आवाज बरोबर कळतो. गाणं संपताच अण्णा म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. सोनुबाई, तू प्रार्थना कर. जरा लांबव."

माझ्यावरची चादर यल्लाप्पांच्या कमरेला गेली. ते आतल्या पडद्याआड पळाले आणि तिथून पँट बाहेर आली. माझं डोकं वर झालं. खडखडखड! सोनुबाईंनी आजाऱ्यांसाठी, तंबाखूच्या पिकासाठी, शेवटी शेजारच्या गाभण म्हशीसाठीही प्रार्थना केली. डोळे सगळ्यांचे मिटलेले, पण हसू कुणाला आवरेना.

तेवढ्यात टेम्पो दारात. यल्लाप्पा बाहेर आले, मागची शिवण चाचपली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "परत जा रं बाबा. आमचं व्यासपीठ इकायचं न्हाय."

पुढं चर्च बांधलं, लाकडी व्यासपीठ आलं. काही दिवस माझ्यावर धूळ बसली, खोटं कशाला बोलू? पण अण्णांनी शिवणं सोडलं नाही, आणि तेव्हापासून माझ्या तेलाची कुपी यल्लाप्पाच आणू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मशीनलाही अधूनमधून तेल घाला. आणि कुणाच्या कामाला हसण्याआधी आपली शिवण तेवढी बघून घ्या!