अर्धवर्तुळातला कोन

"पदराला हे पांढरं काय लागलंय?" श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पीठ असेल." हेमाने पदर झटकला.

"भजनी मंडळात कणीक मळतात वाटतं हल्ली."

ती स्वयंपाकघरात गेली. श्रीनिवासराव मात्र तिथेच घुटमळले. आयुष्यभर कचेरीत लोकांचे अर्ज तपासल्यामुळे समोरचा काहीतरी लपवतोय, असं धरूनच चालायची त्यांना सवय. त्यात परवा मंडईत भजनी मंडळातल्या चंद्रभागाबाई भेटल्या होत्या. "वहिनी भजनाला यायच्या बंदच झाल्या. बऱ्या आहेत ना?" म्हणाल्या. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको रोज दुपारी खोटं बोलून जाते कुठे?

दुसऱ्या दिवशी ते अंतर ठेवून तिच्या मागे निघाले. कसब्यातल्या बोळांतून ती भराभर चालत होती. एका बांगड्यांच्या दुकानापाशी तिने मागे वळून पाहिलं आणि शेजारचा लाकडी जिना चढून गेली. वरून कुणा पुरुषाचं हसणं ऐकू आलं.

ते वर गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत बाकांवर मिसरूड फुटलेली पाच-सहा पोरं होती, बाजूला शिकवणी घेणारी तरुण अस्मिता, आणि फळ्यापाशी हातात खडू घेतलेली हेमा. फळ्यावर वर्तुळ, त्यात व्यास, आणि व्यासाच्या दोन्ही टोकांपासून वर्तुळावरच्या एका बिंदूला जोडलेल्या रेषा.

"काकू, हा कोन काटकोनच कशावरून?" अस्मिताने विचारलं.

"दिसतोय की."

"दिसण्याला भूमितीत किंमत नाही. सिद्ध करा."

हेमा फळ्याकडे वळली. एक पोरगा फिसकन हसला. बाहेर श्रीनिवासरावांच्या जिभेवरही एक खोचक वाक्य तयार होतं.

मग हेमाने केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढली.

"आता दोन त्रिकोण झाले. यातल्या या दोन बाजू त्रिज्या, म्हणून सारख्या. म्हणजे समोरचे हे दोन कोन सारखे. पलीकडेही तसंच, तेही दोन सारखे. चारही मिळून मोठ्या त्रिकोणाचे एकशे ऐंशी. आणि वरच्या कोनात प्रत्येक जोडीतला एकेक येतो. म्हणजे निम्मे. नव्वद!"

"शाब्बास, काकू! आता तरी काकांना सांगा, बाहेरून दहावीला बसताय म्हणून."

"नको गं बाई. पास झाले तर सांगेन. नापास झाले, तर जन्मभर पुरवून पुरवून बोलतील."

पोरं हसली. हेमाही हसली, आणि पदराने हात पुसू लागली.

श्रीनिवासराव दाराआड उभेच होते. जिभेवरचं वाक्य केव्हाच विरून गेलं होतं. त्यांच्या नव्या चपला कर्रकर्र वाजत. त्यांनी त्या काढून हातात घेतल्या आणि भिंतीचा आधार घेत ते एकेक पायरी उतरले. खाली बोळात आल्यावरही चपला पायात घालायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.